पुरोहिताविना सात पिढ्या

मार्गशीर्षाची थंडी अंगणात उतरते, दत्तजयंतीच्या पालखीचा बुक्का अजून कपाळावरून पुसलेला नसतो, आणि तोच वसईच्या वाड्यांतून, वांद्र्याच्या गल्ल्यांतून, गोव्यातील घराघरांवरून नाताळचे तारे उजळू लागतात. शेजारच्या घरातील हा सण आपणांस परका नाही. दिवाळीचे ताट या घरातून त्या घरी गेलेले असते, नाताळचे त्या घरातून या घरी येते. ताटांची ही देवघेव ज्यांच्या घरी आहे त्यांना हेही ठाऊक असेल की, दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनात आज एकच काळजी घर करून आहे. आपण आहोत तोवर हे सारे चालेल. आपल्यामागे कोण चालविणार?

आजोबांची पळी-पंचपात्री नातू हाती धरील काय, आजीच्या तोंडची स्तोत्रे नातीच्या ओठी येतील काय, हा आपल्या घरातला प्रश्न. कॅथलिक घरातही सायंकाळी सर्वांनी गुडघे टेकून म्हणावयाची जपमाळ एकेका घरातून मागे पडत चालली आहे, आणि तेथील आईवडीलही याच विवंचनेत आहेत. नाताळच्या निमित्ताने आज या संबंधीची एक सत्यकथा वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती घडली दूर जपानात. परंतु तिचा एक धागा गोव्यात आणि एक वसईत गुंतलेला आहे.

गोव्याहून निघालेली वाट

सन १५४९ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्याहून जपानकडे निघाले. त्यांच्यासमवेत अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ होता. गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकून त्याने १५४८ साली तेथेच बाप्तिस्मा घेतला होता. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ही मंडळी कागोशिमा बंदरात उतरली आणि जपानात ख्रिस्ती धर्माचा प्रारंभ झाला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत ज्यांच्या दर्शनास आजही सर्व धर्मांचे लोक जातात, तेच हे संत.

पुढे चाळीस-पन्नास वर्षांत नागासाकीच्या परिसरात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. राज्यकर्त्यांना मात्र परकीय धर्माच्या पाठोपाठ परकीय सत्ता येईल, अशी भीती वाटू लागली. हिदेयोशी या सत्ताधीशाने प्रथम १५८७ साली पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम केला आणि दहा वर्षांनी त्याचा कोप प्रत्यक्ष कोसळला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले.

त्या सव्वीसांत एक आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया त्याचे नाव. पिता पोर्तुगीज, माता येथील. तरुणपणी तो जपानात गेला, ती भाषा उत्तम शिकला, काही काळ व्यापारात रमला, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल होऊन दुभाष्याच्या कामासाठी पुन्हा जपानात आला. १८६२ साली त्याला संतपद देण्यात आले. भारतभूमीत जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत होय. वसईतील एक महाविद्यालय आज त्याच्या नावाने चालते.

त्याच सव्वीसांत तीन कोवळी मुले होती. त्यांपैकी चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या पित्याबरोबर मरणाला सामोरा गेला. वाटेत त्याने आईला एक पत्र लिहिले. आमची चिंता करू नकोस, पण धाकट्या भावंडांकडे लक्ष दे, त्यांना जप, असा त्या पत्राचा आशय होता. स्वतःच्या मरणाच्या वाटेवर त्या पोराला काळजी लागली होती ती मागे राहणाऱ्या धाकट्यांची. पुढील अडीचशे वर्षांच्या कथेचे बीज या एका पत्रात आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दारात पाद्री नाही, घरात ग्रंथ नाही

१६१४ साली तोकुगावा राजवटीने सबंध देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. चर्चे पाडली गेली, पाद्री हद्दपार झाले, जे लपून राहिले ते एकामागून एक पकडले गेले. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्यात करांच्या जुलमाबरोबर धर्माचाही अंगार होता. तो चिरडल्यावर पोर्तुगिजांना देशाची दारे बंद झाली. १६४४ साली कोनिशी मान्शो या जपानी पाद्र्याचा वध झाला, आणि देशात एकही धर्मगुरू उरला नाही.

कॅथलिक परंपरेत याचा अर्थ काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. त्यांच्या येथे मिस्साबलिदान पाद्रीच अर्पण करू शकतो, पापांची कबुली ऐकून क्षमा तोच देऊ शकतो. पुरोहित नाहीसा झाला म्हणजे पूजेचा गाभाराच बंद झाला. एकच संस्कार असा आहे की, जो अडचणीच्या वेळी सामान्य माणसालाही देता येतो, आणि तो म्हणजे पाण्याने करावयाचा बाप्तिस्मा. उराकामी, सोतोमे, इकित्सुकी, गोतो या खेड्यांतील आणि बेटांवरील शेतकरी-कोळ्यांनी या एका संस्काराच्या आधारावर धर्म उभा ठेवला.

त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली. उराकामीत एक ‘चोकाता’ असे. तो पंचांग सांभाळी. सण केव्हा, उपवास केव्हा, कोणत्या दिवशी सुई हाती घ्यावयाची नाही आणि शेतात खत टाकावयाचे नाही, हे तो सांगे. दुसरा ‘मिझुकाता’, म्हणजे पाणी देणारा. नवजात अर्भकाला बाप्तिस्मा देण्याचे काम त्याचे. तिसरा ‘किकिकाता’, तो घरोघरी निरोप पोहोचवी. आपल्या गावगाड्यात जोशी, गुरव यांची कामे जशी घराण्यांतून चालत आली, तसेच काहीसे हे होते. फरक इतकाच की, येथे काम उघडकीस आले तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागे.

पंचांगाबद्दल एक आख्यायिका आहे. बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मसेवकाने १६३४ सालचे ख्रिस्ती सणांचे पंचांग जपानी चांद्रमासांत बसवून लोकांच्या हाती दिले. पकडला जाण्यापूर्वी त्याने सांगून ठेवले होते की, सात पिढ्या तुम्ही माझी लेकरे म्हणून राहाल. मग मोठ्या काळ्या जहाजांतून पाद्री येतील, आणि तुम्ही उघडपणे स्तोत्रे गात रस्त्याने चालाल. या वाक्यावर भरवसा ठेवून आजा नातवाला पिढ्या मोजावयास शिकवीत राहिला.

प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. लॅटिनमधील प्रार्थनावाचक शब्दाचे हे जपानी रूप. ग्रंथ बाळगणे म्हणजे मरणाला बोलावणे, म्हणून बहुतेक सारे पाठांतरावर सोपविले गेले. काही ठिकाणी या प्रार्थना केवळ उपवासकाळातच मुलांना शिकवीत, त्याही हलक्या आवाजात. पिढ्यांमागून पिढ्या लॅटिन व पोर्तुगीज शब्द जपानी जिभेवर घोळत राहिले. अर्थ झिजला, उच्चार बदलले, पण म्हणणे थांबले नाही. इकित्सुकी बेटावर ‘गुरुरियोझा’ नावाचे एक गीत गातात. तात्सुओ मिनागावा या जपानी संगीतज्ञाने त्याचे मूळ पुष्कळ वर्षे शोधले. अखेर १९८२ साली ते माद्रिदच्या ग्रंथालयातील सोळाव्या शतकाच्या एका जुन्या स्पॅनिश गीतसंग्रहात सापडले. अर्थही न कळणाऱ्या कोळ्यांनी ते चारशे वर्षे सांभाळले होते. घोकंपट्टीला आपण हसतो. पण आपल्याकडील वेदपाठी ब्राह्मणांनी किंवा परवचा म्हणवून घेणाऱ्या आजीने जे केले, त्याची थोरवी अशा वेळी ध्यानात येते.

कथांचेही तसेच झाले. या लोकांनी बायबलमधील कथा तोंडी सांगत जपल्या, आणि पुढे त्या लिहूनही काढल्या. त्यांत बाळ येशूच्या दर्शनास येणारे तीन राजे तुर्कस्तान, मेक्सिको व फ्रान्स या देशांचे झाले! पंडितांनी हसावे अशी ही चूक खरी. परंतु तीन राजे आले आणि त्यांनी गोठ्यातील बाळापुढे गुडघे टेकले, हे आजीने नातवाला सांगावयाचे राहिले नाही.

पायाखालची प्रतिमा

उघड्या देव्हाऱ्यात मरियेची मूर्ती ठेवणे शक्य नव्हते. म्हणून काही घरांतून कान्नोन या बौद्ध देवतेची, मांडीवर मूल असलेली पांढऱ्या चिनी मातीची मूर्ती आणून तिच्यापुढे मरियेची प्रार्थना करीत. ही कान्नोन म्हणजे आपल्याकडून चीनमार्गे तेथे गेलेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यांत आपण त्याच्या मूर्ती पाहतो. करुणेच्या देवतेने अडचणीतील परधर्मीय मातेला आपल्या रूपाचा आसरा द्यावा, ही गोष्ट भाविक मनाला भावल्यावाचून राहणार नाही.

परंतु सर्वांत कठीण प्रसंग वर्षारंभी येई. नागासाकीच्या भागात दरवर्षी प्रत्येक कुटुंबाला गावप्रमुखाच्या दारी जाऊन येशूची अथवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवावी लागे. याला ‘फुमिए’ म्हणत. जो कचरला तो ख्रिस्ती ठरला. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती.

तेथे काय करावे? जे न तुडविता मरण पत्करीत ते हुतात्मे झाले. पण सारेच हुतात्मे झाले असते तर पाळण्यातील मुलाला पाणी देण्यास कोण उरले असते? बहुतेकांनी थरथरत्या पायांनी प्रतिमा तुडविली आणि घरी येऊन दारे लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. पाद्री नसताना मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे सांगणारी एक पुस्तिका १६०३ साली निघाली होती. तिच्या नकला हाताने उतरवून लपविलेल्या होत्या. सकाळी जे पाऊल पुढे टाकले त्याबद्दल रात्री डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागावयाची, आणि हे सारे घरातील मुलाच्या देखत.

त्या मुलाने काय पाहिले असेल? धर्म पाळणे सोपे आहे असे काही त्याला दिसले नाही. आईबाप निष्कलंक आहेत असेही दिसले नाही. दिसले ते एवढेच की, या गोष्टीपायी आपल्या आईला रात्रभर झोप लागत नाही. आईला जे इतके जिवाभावाचे आहे ते मुलगा सहसा टाकून देत नाही. या लोकांना आपण भित्रे म्हणावे की धीराचे, याचा निवाडा करण्याचा अधिकार सुखात वाढलेल्या आपणांस नाही, असे आम्हांस वाटते.

सतरा मार्चची दुपार

वर्षे लोटली. उराकामीचा सातवा चोकाता किचिझो १८५६ साली पकडला गेला आणि कैदेतच मरण पावला. सात पिढ्या भरल्या होत्या आणि पंचांग सांभाळणारा उरला नव्हता.

एव्हाना जपानने परकीय व्यापाऱ्यांना बंदरे उघडली होती. परकीयांपुरती उपासनेची मुभा मिळून नागासाकीत ओउरा येथे फ्रेंच पाद्र्यांनी एक चर्च बांधले. १८६५ च्या फेब्रुवारीत त्याचे समर्पण झाले ते निशिझाकाच्या सव्वीस हुतात्म्यांच्या नावे. म्हणजे आपल्या वसईच्या गोन्सालोचेही नाव त्या मंदिराशी जोडले गेले. जपानी लोकांना मात्र बंदी कायम होती.

१७ मार्च १८६५ रोजी दुपारी बर्नार पेतिजाँ या पाद्र्याला दाराशी पंधराएक माणसे, बायामुले उभी दिसली. त्याने दार उघडले. ती आत आली. पाद्री वेदीपुढे गुडघे टेकून बसला असता एक प्रौढ स्त्री त्याच्याजवळ आली, छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली की, आमचे हृदय आणि तुमचे हृदय एकच आहे. मग तिने विचारले, सान्ता मारियाची मूर्ती कोठे आहे?

पाद्री चकित झाला. त्याने त्यांना मूर्तीपाशी नेले. मरियेच्या हातावरील बाळ पाहून ती मंडळी आनंदली आणि सांगू लागली की, आम्हीही हिमाच्या महिन्यातील पंचविसाव्या तिथीला प्रभूचा जन्मोत्सव करतो. मध्यरात्री गोठ्यात त्याचा जन्म झाला हे आम्हांस ठाऊक आहे. आणि सध्या दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षीचा उपवासकाळ १ मार्चला सुरू झाला होता. १७ मार्च हा त्याचा बरोबर सतरावा दिवस. दोनशे वीस वर्षे पाद्री नाही, छापील पंचांग नाही, आणि तिथी एका दिवसानेही चुकली नव्हती!

या लोकांनी पुढे पाद्र्यांची परीक्षाही घेतली. तुम्हांला रोमच्या धर्माधिपतीने पाठविले आहे काय, तुम्ही ब्रह्मचारी आहात काय, हे त्यांनी विचारून घेतले. मरियेची भक्ती, रोमशी नाते आणि पाद्र्याचे ब्रह्मचर्य या खुणांवरून आपला खरा गुरू ओळखावा, असे पूर्वजांनी सांगून ठेवले होते. शिष्याने गुरूची पारख करावी, हे आपल्या परंपरेलाही मान्यच आहे.

संकट मात्र टळले नव्हते. धर्म उघड होताच १८६७ पासून उराकामीच्या लोकांची धरपकड सुरू झाली. तीन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांना गावाबाहेर काढून देशभर विखुरले गेले. त्यांतील सहाशेंवर माणसे हद्दपारीतच मेली. १८७३ साली बंदी उठली तेव्हा उरलेले लोक उजाड गावी परतले. पुढे त्यांनी पैसा पैसा जमवून जागा विकत घेतली, ती कोणती? ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात दरवर्षी त्यांना प्रतिमा तुडवावी लागे, त्याच वाड्याची. तेथे त्यांनी उराकामीचे भव्य चर्च उभारले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तो या चर्चपासून जवळच. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी आठ हजारांवर माणसे गेली, चर्चचा ढिगारा झाला. त्या ढिगाऱ्यातून डॉक्टर ताकाशी नागाई आणि त्यांच्या सोबत्यांनी एक घंटा उकरून काढली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री ती वाजविली. चर्च १९५९ साली पुन्हा उभे राहिले. बॉम्बमध्ये नष्ट झालेल्या दुसऱ्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी दिलेली घंटा २०२५ साली बसविण्यात आली.

जे छळाने गेले नाही

येथे कथा संपविता आली असती. परंतु तिचा उत्तरार्ध सांगणे अगत्याचे आहे.

बंदी उठल्यावर सारेच लपलेले ख्रिस्ती कॅथलिक चर्चकडे परतले नाहीत. इकित्सुकी, सोतोमे, गोतो येथील अनेक घरांनी म्हटले की, आमच्या वाडवडिलांनी ज्या रीतीने हे जपले तीच आमची रीत; ती आम्ही सोडणार नाही. घरामागील कोठीच्या खोलीत टांगलेली जुनी चित्रे, तोंडपाठ ओराशो, पाणी देण्याचा विधी हे सारे त्यांनी तसेच चालू ठेवले. २०१८ साली या परिसरातील बारा स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि जगभरचे प्रवासी तेथे येऊ लागले.

परंतु मान मिळाला तेव्हा परंपरा चालविणारे हात थकले होते. तरुण मुले नोकरीसाठी मोठ्या शहरांकडे गेली. ओराशो शिकण्यास सवड कोणाला? वृद्ध मंडळींनी एकेक करून आपले मंडळ विसर्जित केले आणि घरातील पूज्य वस्तू बेटावरील वस्तुसंग्रहालयाच्या स्वाधीन केल्या. ज्या प्रार्थनेला तलवारीने गप्प करता आले नाही, ती आता ध्वनिमुद्रणात सुखरूप आहे आणि घरात मुकी होत चालली आहे. जपानातील कॅथलिक चर्चपुढेही हीच अडचण आहे. तेथे कॅथलिकांची संख्या लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

छळात जे टिकले ते स्वास्थ्यात का विरावे? आम्हांस असे वाटते की, छळाच्या दिवसांत प्रत्येक घराला ठाऊक होते, आपण मुलाला शिकविले नाही तर दुसरे कोणी शिकविणार नाही. चर्च नव्हते, शाळा नव्हती, पाद्री नव्हता. म्हणून आईच पाद्री झाली आणि चूलच वेदी झाली. स्वातंत्र्य आले तेव्हा ही जबाबदारी आपण नकळत दुसऱ्यावर टाकू लागलो. धर्मशिक्षण चर्च देईल, संस्कार शाळा करील, स्तोत्रे ध्वनिफितीवर आहेतच, आणि गणपतीची आरती आता दूरध्वनीतून वाजतेच आहे! घरात ध्वनी राहिला, पण म्हणणारा राहिला नाही.

आपल्या वसईच्या कॅथलिक बांधवांना हे जाणवले आहे. १७३९ साली पोर्तुगीज सत्ता वसईहून गेली. पण त्यांची श्रद्धा काही जहाजात बसून निघून गेली नाही. सत्तेचा आधार सुटल्यावरही ती येथल्या मातीत, येथल्या बोलीत, घरातील सायंप्रार्थनेत राहिली. ज्या घरात आजही आजी दिवेलागणीला नातवंडांना जवळ बसवून मराठीतून जपमाळ म्हणते, तेथे पुढच्या पिढीची चिंता थोडी हलकी आहे.

वाचकहो, आपला देव वेगळा, त्यांचा वेगळा, असे म्हणून ही कथा बाजूस ठेवू नये. नागासाकीच्या त्या शेतकऱ्यांनी मुलांना मोठी प्रवचने दिली नाहीत. ती देण्याची सोयच नव्हती. त्यांनी वार सांभाळला, तिथी सांभाळली, चार ओळी रोज म्हटल्या, आणि चुकले तेव्हा मुलांच्या देखत क्षमा मागितली. एवढ्यावर सात पिढ्या निघाल्या.

येत्या नाताळच्या मध्यरात्री शेजारच्या चर्चची घंटा कानी पडेल. तेव्हा त्या अनाम चोकातांचे आणि वसईच्या त्या सुपुत्राचे स्मरण करावे. आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी, आपल्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावताना, घरातील सर्वांत धाकट्या मुलाला हाक मारून जवळ बसवावे. शुभंकरोतीचा पहिला शब्द आपण म्हणावा आणि दुसरा त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबावे.